रिकाम्या आकाशाचे विसर्जन

४ ऑक्टोबर
आज कुरोसे बंदरी पोहोचलो. भगवान बुद्धांनी उतारवयात मनाजोगे ठिकाण दिले: पुढे समुद्र, मागे डोंगर, मध्ये पुजाऱ्यावाचून ओस पडलेले हे लहानसे मंदिर. पायऱ्यांनी गुडघे दमवले, तरी चित्त प्रसन्न आहे. झाडलोट पाहणाऱ्या फुसाएबाईंनी भात आणि मुळ्याचे लोणचे पुढे ठेवले. खानावळवाले मुराओका म्हणाले, गुरुजींना शेजार मोठा लाभला. साठ वर्षांपूर्वी महाकाय राक्षसाच्या एका चित्रपटाचे चित्रण याच पायऱ्यांवर झाले होते. डोंगरामागून तो डोके वर काढतो आणि सारे गाव पळत सुटते.

७ ऑक्टोबर
त्या चित्रपटाचे चाहते रोज येतात. पायऱ्यांवर उभे राहून, तोंड वासून, डोंगरमाथ्यावरच्या एकाच जागी पाहतात आणि छायाचित्र काढून घेतात. तेथे काहीही नाही. फुसाएबाई म्हणाल्या, तेव्हाही नव्हते. राक्षस पुढे स्टुडिओत नटाला रबरी पोशाख चढवून केला. येथे केवळ बांबूला लाल फडके बांधले होते, आणि त्याकडे पाहून भ्यायचे होते. बाई तेव्हा सहा वर्षांच्या. त्या खरोखरच भ्याल्या. तेव्हापासून त्यांनी तिकडे मान वर केलेली नाही.

११ ऑक्टोबर
डॉक्टरांच्या मते फुसाएबाईंचे फार दिवस उरलेले नाहीत. आज अंगण झाडता झाडता थांबून म्हणाल्या, “आमच्या ह्यांचं थडगं त्या डोंगरावर आहे, गुरुजी. दर वेळी खाली मान घालून जाते. जायच्या आधी एकदा तिकडं नीट बघायचंय. त्या राक्षसाला घालवा की.”

जुन्या बाहुल्या, मोडक्या सुयासुद्धा आम्ही मंत्रपूर्वक निरोप देऊन पाठवतो. मग बाईंच्या भयालाच नकार कसा द्यावा? परंतु ज्याची प्रतिष्ठा झाली नाही, त्याचे विसर्जन शास्त्राला मान्य नाही. आधी त्याचे नेत्र उघडावे लागतील, मगच मिटता येतील.

१४ ऑक्टोबर
पायऱ्यांवर उभा राहून कोऱ्या कुंचल्याने आकाशात दोन नेत्र रेखिले. विसर्जन त्याच बैठकीत करावयाचे होते. पण छाती भरून आली, वारा सोसेना. उरलेले उद्या, असे म्हणून आत आलो. मुराओका म्हणाले, “देवाचे डोळे उघडे ठेवून जेवायला बसलेले गुरुजी पहिल्यांदाच बघतोय.” फुसाएबाई हसल्या नाहीत.

१५ ऑक्टोबर
ताप. उठवेना. दारातून चाहते दिसत होते. काल ते माथ्यावर पाहत होते. आज त्यांची नजर अर्ध्या उतारावरच्या देवदारांवर होती. त्यांना कोणी सांगितले असावे?

१६ ऑक्टोबर
भिंतीला धरून बसलो आणि विसर्जनाचे मंत्र आरंभिले. बालपणापासून मुखोद्गत असलेली ओळ मध्येच सुटली. पुन्हा आरंभिले. पुन्हा तेथेच. आयुष्यभर शून्यतेवर प्रवचने केली. त्या डोंगराकडे एकदा पाहण्याचे धैर्य मात्र नाही.

चाहते आज कमी होते. छायाचित्र कोणी काढले नाही. सारे मंदिराच्या कमानीच्या किंचित वर पाहत होते. मग एकदम पळाले.

मुराओका दाराबाहेरूनच सांगून गेले की काय ते लवकर आटपा. थट्टा केली नाही.

१७ ऑक्टोबर
पायऱ्यांवर कोणी नाही. कावळेही नाहीत. देवदार मोडल्याचा आवाज — वारा नसताना.

थकलो आहे. एकच ओळ उरली आहे. ती आठवत नाही —

फुसाएबाई आल्या. अंगणात उभ्या आहेत. मान वर. साठ वर्षांनी — माझ्या छपराकडे पाहत आहेत. पळत नाहीत. डोळ्यांतून पाणी. मी क्षमा मागितली. त्यांनी ऐकले की नाही, कळले नाही.

छप्पर कुरकुरते आहे.

त्यांची नजर खाली येते आहे. छपराच्या कडेवर. आता दारावर. आता —

“गुरुजी, लिहीत राहा. मागं बघू नका.”

लिहितो आहे. पानावर सावली पडली. ओळ आठवली. म्हणतो —