अकरा तास वीस मिनिटांचे एकच गाणे

रहिमतपूर,
१४ मार्च १९९६

चि. मुकुलराव यांस,

गोपाळकृष्णाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे (मी आणि तुमची ताई एकमेकांशी बोलत नाही, तेवढे सोडून). तुमचे पित्त कसे आहे? सांगलीच्या त्या दुकानात दिवसभर कॅसेटी भरत बसता आणि समोरच्या गाड्यावरची भजी खाता, ते बंद करावे.

पुढच्या आठवड्यात आमच्या गावचे हरिबा भजनी व्हिडिओवरून गाण्याच्या कॅसेटी भरून घ्यायला तुमच्याकडे पिशवी घेऊन येतील. पिशवीत एक गाणे आहे. एकच. ते अकरा तास वीस मिनिटे चालते. कुठल्याशा देशात कुणीतरी दिवसभर गाऊन विक्रमाच्या पुस्तकात नाव छापून आणले, असे यांनी पेपरात वाचले आणि गावाचे ग्रह फिरले. मुळात गाणे होते ग्रामदेवतेचे, चाळीस मिनिटांचे, बरे होते. मग त्यात तालमीच्या वस्तादांचे नाव घातले. वस्तादांचे घातले, मग आमचे का नाही, असे म्हणत सगळे गाव हरिबांच्या दारात. घरटी एक कडवे ठरले. जोतीरामाचे नाव त्याच्या भावकीनंतर आले म्हणून तो मंडपातून उठून चालू लागला. तेव्हा ती सगळी भावकी उलट्या क्रमाने पुन्हा गायली. मध्ये वीज गेली, व्हिडिओ बंद पडला, त्या वेळात ज्यांची नावे होऊन गेली त्यांनी ती परत म्हणवून घेतली. विक्रम असा झाला आहे! व्हिडिओवाला साताऱ्याचा, लग्ने काढणारा. त्याने सवयीने हरिबांच्या तोंडाभोवती गुलाबाची फुले फिरवली आहेत. आणि पुस्तकवाल्यांना कळवायचे कुणी, हे अजून ठरलेले नाही.

आधी हरिबा माझ्याकडेही आले होते. "गुर्जी, तुमचं घर कितव्या तासाला घेऊ?" मी म्हणालो, असल्या फाजीलपणात माझे घर नको. "आवं, पर वैनी गात्यात की आमच्यासंगं!" मी म्हणालो, गाऊ दे, नाव नको. तुमची ताई चारुशीला तेव्हा आत पोळ्या लाटत होती. तिला विचारावे असे मला सुचलेसुद्धा नाही.

त्या दिवशी पहाटे सहापासून ती टाळ घेऊन बसली. मी मंडपाच्या कडेला खुर्ची टाकून गंमत पाहत होतो. नवव्या तासाला आमची आळी आली. बनुबाईंचे घर झाले, आमचे दार ओलांडून गाणे पलीकडच्या घरी गेले. चारुशीलाचा टाळ चुकला नाही. तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि शेजाऱ्यांचे नाव गाऊ लागली. मुकुलराव, मला फार लाज वाटली. घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, "गावातल्या सगळ्यांची नावं गायले मी." त्याला आज बारा दिवस झाले. जेवायला वाढते, बोलत नाही.

असो. असल्या लांबलचक मूर्खपणाला तुम्ही उत्तेजन देऊ नये, एवढ्यासाठीच हे पत्र.

तुमचा दाजी,
गोपाळकृष्ण

ता. क. नव्वद मिनिटांच्या आठ कॅसेटी होतील. आठवीची दुसरी बाजू पाच मिनिटांनंतर कोरी राहते, असा माझा हिशेब आहे. तिथे चारुशीलाचे एक कडवे बसवता येईल का? माझे नाव नको. गायला मी स्वतः येतो. हरिबांकडे रोज तालीम घेतो आहे ("गुर्जी, लय रेकताय, जरा दमानं घ्या," असे ते म्हणतात). ताईला यातले काही कळवू नये.

पुन्हा ता. क. कडवे मीच रचतो आहे. एकाही ओळीला कात्री लावू नये. काल सहज घड्याळ लावून म्हणून पाहिले. लग्नाला बत्तीस वर्षे झाली, त्यातली मी अजून सातव्या वर्षापर्यंतच आलो आहे आणि चाळीस मिनिटे संपली. नववी कॅसेट काढून ठेवावी.