कोल्हीण म्हणे!

तिसरा महिना, पंचमी

कोल्हीण! माझी भाची — कोल्हीण!

रुईनियांग परवा स्नानाच्या सणाला नदीवर गेली ती परतलीच नाही. काठावर तिचे कपडे सापडले, नीट घडी घातलेले. तिचा नवरा दू क्वांग गल्लीभर सांगत सुटलाय — "बाई नव्हतीच ती! कोल्हीण होती, बाईचं रूप टाकून पळाली!" आणि लोक माना डोलावतात. तिच्या पाठीवरच्या वळांना तेल मी लावलंय. ते कोणाला दिसत नाही!

सप्तमी

दरबारचे इतिहासकार पेई महाशय आले. नवलकथा गोळा करतात. एवढे विद्वान, पण दू क्वांगची दारू प्यायले आणि त्याचंच खरं! मी विचारलं, "आणि मारहाण?" तर म्हणाले, "मावशी, मारहाण घरोघरी असते. शेपटी क्वचित." वर हसले!

राजवाड्याच्या विणकामशाळेत मी राण्यांना तोंडावर चूक दाखवलेली. यांनाही विचारलं, "तुम्ही पाहिलीत शेपटी?" माहेरच्या माणसाची साक्ष मिळाल्याशिवाय लिहिणार नाहीत म्हणे. मिळेल! वाट बघा! एकदा यांनी लिहिलं की दरबारातही तेच खरं. मग माझ्या पोरीला कोणी शोधणारसुद्धा नाही.

अष्टमी

नदीकाठी लोक कोल्हीणबाईला उकडलेली अंडी ठेवायला लागलेत. शेजारची थाओ म्हणते, "ताई, हो म्हणून टाका की! तुमच्याही पाया पडतील." हाकलली तिला.

दशमी

भिक्षुणींच्या मठात गेले. इथेच छड्या खात अक्षरं शिकले मी. थोरल्या मिंगहुईंना म्हटलं, दरबारात तक्रार करायचीय, मजकूर तुम्ही बघा. त्या नुसत्याच म्हणाल्या, "आधी पेज घे."

पेज घेऊन एक नवी भिक्षुणी आली. ताजं मुंडण, डोकं पांढरंफटक. वाडगा ठेवताना बाही सरकली — मनगटावर दू क्वांगच्या तापल्या चिमट्याचा डाग! मी ओरडणारच होते, तिनेच माझ्या तोंडावर हात दाबला.

"आत्या, हळू! आज तो कोल्हीण म्हणतोय. उद्या शंका आली तर इथून फरफटत नेईल."

मला का नाही सांगितलंस? मला!

"तुला कुठे खोटं बोलता येतं?"

द्वादशी

पेई महाशयांना मीच बोलावून घेतलं. म्हटलं — पाहिली. तांबूस, टोकाला पांढरी.

लांबी विचारली त्यांनी. हात पसरून दाखवली.