खंडेनवमीचं हब

प्रिय आदर्श,

सुट्टीवरून तुमच्या जहाजावर परतणारा आपला यशराज हे पत्र हातात देईल तेव्हा उभा असशील तिथंच वाच. जेवायला बसला असशील तर ताट बाजूला सार. तुला ते जमणार नाही हे ठाऊक असूनही सांगतेय. जहाजावरचा फोन साहेबांच्या टेबलावर असतो, म्हणून त्यावर बोलले नाही.

खंडेनवमीचे फोटो पाठवले होते ना? समुद्रातल्या पवनचक्क्यांची दोन हब, म्हणजे तिन्ही पाती ज्यात बसतात ते बिडाचे अवाढव्य गोळे, झेंडूच्या माळा घालून कारखान्याच्या दारात ठेवले होते. आबा फेटा बांधून मधे उभे. शिरोलीत एवढं मोठं ओतकाम आपण आजवर केलं नव्हतं, त्यात तू त्याच पवनचक्क्या उभारायला निघालेला. आबांचे पाय जमिनीवर नव्हते. त्या फोटोत मी का नाही, असं तू विचारलं होतंस. मी रागानं चाचणीच्या खोलीत जाऊन बसले होते.

ओतलेलं बीड वाळूच्या साच्यातच सावकाश निवावं लागतं. घाई केली की आतल्या आत ताण राहतो. मी म्हटलं, यंदा पूजा साच्याचीच करा. तर गणपतराव मिस्त्री माझ्यावरच खेकसले, "सणाच्या दिशी पोरगं मातीत पुरून ठिवतासा व्हय?" सगळे हसले. आबाही हसले आणि साचे फोडायला सांगितले. पुढं तपासणीत दोन्ही हब पास झाली. एक तुमच्याकडं आलं, दुसरं इथंच होतं.

काल त्या दुसऱ्या हबला भोकं पाडताना दणकन आवाज झाला. माणसं यंत्रं सोडून पळाली. जिथं बोल्ट बसतात त्या कडेला तडा गेलाय, बोटाला लागतो. गणपतराव तिथंच खाली बसले. मी तुमच्या कंपनीला कळवलं, तर उत्तर आलं की जहाजावरच्या हबची तपासणी झालेली आहे, शंका असेल तर मालकानं लेखी द्यावं. आबा देत नाहीत. "एकाला तडा गेला म्हून दुसरं बी वंगाळ व्हय? परत कोण दारात उभं करंल का आपल्याला?" असं म्हणून उठून गेले. मला त्यांचा भयंकर राग आलाय, आणि कीवही येते.

समुद्र शांत झाला की ते हब वर चढणार, आणि बोल्ट आवळायला त्याच्या आत शिरणारा तू. यशराज म्हणतो, तुमच्याकडं कुणीही कामगार 'थांबा' म्हणाला तर शंका मिटेपर्यंत काम थांबवावंच लागतं. तू थांबा म्हण. सगळ्यांदेखत, आपल्या कारखान्याचं नाव घेऊन म्हण. पोरानंच बापाचं काम नाकारलं अशी सगळ्या शिरोलीत बोंब होईल, पुढची कामं जातील, आबा आपल्या दोघांशी बोलायचे नाहीत. होऊ दे. मी मालक नाही, माझं कुणी ऐकत नाही. तुझं ऐकावं लागेल. मला फार भीती वाटतेय रे.

पाकीट बंद करणार एवढ्यात आबा दारात आले. कुणाला लिहितेय म्हणाले. तुझं नाव सांगितलं. त्यांनी पत्र मागितलं नाही. एसटीनं उशीर हुईल म्हणाले, आणि स्वतःच्या गाडीची किल्ली यशराजच्या हातात ठेवली.

तुझीच,
पूर्णिमाताई