तीन नंबरची टाकी

१२ सप्टेंबर
पहिला दिवस मस्त गेला. नारायणगावातून शेअर जीप, पुढं थोडं चालत, दोन्हीकडे डोक्यावरून उंच ऊस. खांडसरीचा छोटा खासगी कारखाना आहे. गळीत हंगामाआधी कुठं काय धोका आहे ते तपासून अहवाल द्यायचा, हे माझं काम. मॅनेजर सुदर्शन सरांनी दारावर पाटीसुद्धा लावून ठेवलीय : वृषाली, सेफ्टी ऑफिसर. सोबतीला फिटर गोरखभाऊ दिलेत. आल्या आल्या त्यांनी जेवण झालं का विचारलं आणि भिमाबाईंच्या टपरीवर चहा पाजला.

१४ सप्टेंबर
बॉयलर पाहिला, ऊस आत ओढून नेणारी गव्हाण पाहिली. पट्ट्यांना जाळी नाही. दुपारी मळीच्या टाक्या. तीन नंबरची रिकामी आहे, पण तळाला जुनी मळी कुजतेय. झाकणातून गॅस-मीटर सोडला तर आत ऑक्सिजन जवळपास नाहीच. उतरणारा दोन श्वासांत कोसळेल, त्याला काढायला जाणाराही. गोरखभाऊ शिडीखालीच थांबले. वर बोलावलं, तर ऐकू न आल्यासारखं केलं.

१५ सप्टेंबर
आज त्यांना विचारलं. हातातला पाना पुसून त्यांनी खाली ठेवला. मागच्या वर्षी त्यांचा धाकटा भाऊ मच्छिंद्र याच टाकीत गेला. कुणाला तरी वाचवायला उतरला असेल, असं मी म्हटलं.
"आत कुनीच नव्हतं, ताई. त्याला माझा आवाज आला, 'दादा हाक मारतोय' म्हनत उतरला, बाकीच्यांनी ऐकलं. मी तर टपरीवर चहा पीत व्हतो."
सर म्हणाले, गॅसनं भास होतात. पटलं. पण आवाज आला तेव्हा मच्छिंद्र टाकीच्या बाहेर होता.

१७ सप्टेंबर
झाकणाला कुलूप घालायला एकटीच चढले. भर दुपार, यंत्रं बंद. आतून गोरखभाऊ म्हणाले, ताई, हात द्या. अगदी शांतपणे. मी झाकण उघडून वाकले. खांद्यापर्यंत आत गेले होते, तेवढ्यात खालून गोरखभाऊंनीच हाक मारली.
कशी उतरले आठवत नाही. कुलूप वरच राहिलं.

१८ सप्टेंबर
तीन नंबरला हात लावू नका, असं लेखी दिलं. सरांना हंगामाची घाई. सोमवारी माणसं उतरवणार म्हणतात.

१९ सप्टेंबर
केबिनमध्ये आहे. टाकीतून कुणी बाई ओरडतेय —
मीच आहे ती. माझा आवाज. गोरखभाऊंना हाका मारतेय.
ते टपरीवरून पळत आले — शिडीवर — मी खिडकीतून ओरडले, मी इथं आहे, इथं. थांबले. माझ्याकडे पाहिलं. मग झाकणाकडे.
टाकीतली माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली आहे —

ते आत उतरले.

नारायणगावला फोन केला. अग्निशमनची गाडी निघालीय. तोवर कुणीही आत जायचं नाही, मीही नाही. मीच लिहून दिलंय.
हाक मारतायत. ताई, हात द्या. आता ते खरंच आत आहेत. आता हा आवाज त्यांचाच —