खाली जाणारा जिना

रविवार, ४ ऑगस्ट २००२

पुन्हा मेले! चौथ्या मजल्यावर. साधा कोल्हा चावला.

सकाळी सौरभचा फोन. व्हिसाच्या कागदांचं विचारलं. "बघतोय गं, वकील बिझी आहे." मग त्यानेच गेमचं काढलं. "खाली जायची घाई करू नकोस. आधी सगळ्या खोल्या फीर." एवढं बोलून ठेवला.

लग्नानंतर अमेरिकेला परत जाईपर्यंत त्याने मला शिकवली ती एवढी एकच गोष्ट – हा गेम. त्यात चित्रं नाहीत, आवाज नाही. काळ्या स्क्रीनवर टिंबांच्या खोल्या, रेघांच्या भिंती, आणि राक्षस म्हणजे इंग्रजी अक्षरं. आपण म्हणजे ईमेलच्या पत्त्यात असतं ते चिन्ह. जिने उतरत भुयाराच्या तळाशी जायचं, तिथला ताईत घेऊन वर यायचं. जीव एकच. मेलं की पहिल्यापासून.

त्याच्याशी बोलायला दुसरा विषयच उरलेला नाही.

गुरुवार, ८ ऑगस्ट

लाइट गेले! सातव्या मजल्यावर होते, सगळं पुसलं गेलं. आज गुरुवार, लाइट जायचा वार, हे लक्षातच नाही.

रडले. सासूबाई दारात येऊन उभ्या. "लाईटीपायी कुनी रडतं व्हय?"

लाइटसाठी नाही, हे त्यांना कसं सांगू? नोकरी सोडली कारण "दोन महिन्यांत जायचंच आहे". ऑफिसात माझ्या जागी दुसरी मुलगी बसलीसुद्धा.

मंगळवार, २० ऑगस्ट

हल्ली सासूबाई खुर्ची ओढून शेजारी बसतात. धायरीच्या या फ्लॅटमध्ये दिवसभर आम्ही दोघीच. सासरे मी यायच्या आधीच गेले. सासूबाईंना लिहायला-वाचायला येत नाही.

"ह्यातली तू कोन?"

दाखवलं.

"आन् मागं मागं येतंय ते?"

"कुत्रं. आपलंच आहे."

"मंग बरं हाय. सोबत हाय."

आता मला दिसायच्या आधी त्यांनाच दिसतं – "अगं, कोपऱ्यात काय तरी हाललं!" आज त्यांच्यामुळे वाचले. त्या एवढ्या हसल्या की मलाही हसू आलं.

रविवार, १ सप्टेंबर

फोन नाही.

रविवार, ८ सप्टेंबर

नाही. मेललाही उत्तर नाही.

रविवार, १५ सप्टेंबर

माहेरी विश्रांतवाडीला जाऊन आले. आईने दारातच, "तारीख ठरली का गं?" बाबा काही विचारत नाहीत. पेपर उलटासुलटा करत बसतात. मी म्हटलं, "वकील बिझी आहे." माझ्या तोंडून हे इतकं सरावाने आलं की माझीच मला शरम वाटली.

मंगळवार, २४ सप्टेंबर

कीबोर्डची दोन बटणं अडकतात म्हणून बुधवार पेठेत गेले. दुकानात अभय भेटला. सौरभचा कॉलेजचा मित्र, तिकडे त्याच्याच शहरात असतो. सुट्टीवर आलाय.

"वहिनी! तुम्ही... अजून इथेच?"

मग घड्याळ बघितलं. मग दुकानदाराकडे. "सौरभशी बोला तुम्ही. नीट बोला."

काय बोलू, हे विचारायची हिंमत झाली नाही. तो गेला. मीही निघाले. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "कीबोर्ड कुठाय?"

घ्यायचाच राहिला!

शुक्रवार, २७ सप्टेंबर

रोज फोन लावतेय. वाजत राहतो.

दुपारी खेळले. इतकी खोल कधीच गेले नव्हते. घाईघाईत जिने उतरत सुटले, कुत्रं वरच राहिलं. पोटात अन्न नाही, अंगात जीव नाही. समोर ड्रॅगन. जिना मागेच होता.

"आगं, मागं फीर ना." सासूबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

फिरले नाही. मरायचंच म्हणून पुढे गेले. स्क्रीनवर थडगं आलं, त्यावर माझं नाव. सोनाली. मला काहीच वाटलं नाही. उलट – बरं वाटलं. हे लिहितानाही भीती वाटतेय.

सासूबाई उठून आत गेल्या. रात्री जेवल्या नाहीत.

शनिवार, २८ सप्टेंबर

सौरभचं तिकडे घर आहे. बाई आहे. मूल होणार आहे.

सासूबाईंनी सांगितलं, भाकऱ्या करता करता, माझ्याकडे न बघता. त्याने त्यांना ऑगस्टातच फोनवर सांगितलं होतं – "तिला तू समजाव." "माझी जीभच उचलंना, पोरी. काल तुला बगितलं आन्..." तव्यावरची भाकरी करपली.

मी बॅग भरली. बाहेर आले तर त्या चपला घालून दारात उभ्या. काखेत कपड्यांची पिशवी.

"तुम्ही कुठे?"

"घर त्याचं हाय. मी कशाला ऱ्हाऊ?"

कुलूप त्यांनीच लावलं. रिक्षावाल्याला पत्ताही त्यांनीच सांगितला – विश्रांतवाडी.