सहाणेवरचं औषध

वास्को, शुक्रवार

चि. कमलाक्षीस दादाचे आशीर्वाद.

मी बरा आहे. हे पत्र आईपुढे वाचू नकोस.

बाबांच्या बाराव्याहून परतल्यापासून पित्त उसळतं, म्हणून काल डॉक्टरकडे गेलो. त्यांनी बाबांचीच कॅप्सूल दिली. मी म्हटलं, "आमच्याकडे ही उगाळून देतात." ते म्हणाले, "अख्खी गिळायची, बाब, जेवणाआधी. आतले दाणे चिरडले तर औषध पोटातल्या आम्लातच नासतं."

अजून सावरलो नाही.

बाबांना गिळायला त्रास, म्हणून आई रोज कॅप्सूल उघडून मात्रेसारखी सहाणेवर मधात उगाळायची. बाबा चिडवायचे, "वैदीणबाय, आज दोन वळसे कमी पडले!" बाबांच्या पोटातला व्रण फुटून ते गेले ते यामुळेच का, हेही मी विचारलं. "तसं सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

आईला हे कळता कामा नये. पण आता तीच कॅप्सूल तिलाही दिली आहे, आणि ती उगाळूनच घेत असणार. तिला अख्खी गिळायला लाव. "मग ह्यांची?" असं ती विचारील. सांग, ही निराळी आहे. गिळवत नसेल तर साखळी गावच्या डॉक्टरांना विचार, आपल्या मनाने बंद करू नका. शौचाला काळं झालं तर लगेच इस्पितळात ने.

आई जेवते ना?

सहाण स्वयंपाकघरातून उचलून देवघरात ठेव. विचारलं तर म्हण, गंधाला हवी.

तुझा दादा,
गोकुळदास