‘उपवासाला चालेल’

२९ डिसेंबर, सोमवार

पुन्हा तेच. फोन उचलला की बाबांचं चालू, "फळं पिळायला ठाण्याला जायची काय गरज होती? दारात कोकम आहे, ते पीळ." मी दरवेळी सांगतो की इथे हाताने पिळायचं नसतं, मशीन आहे. दरवेळी ते म्हणतात, मग मशीनच करतं ना सगळं, तू काय करतोस?  आज मात्र सुनावलं. म्हटलं, बाबा, मशीनला कळतं का केळं किती पिकलंय? तर म्हणे, ते माकडालाही कळतं.

मग मुद्द्यावर आले. गावच्या शाळेत शिपायाची जागा आहे, कंत्राटावर. चेअरमनला शब्द दिलाय. संक्रांतीपर्यंत हजर व्हायचं. आठवीवाल्याला यापेक्षा काय मिळणार, घरचं जेवण, घरची झोप. आई मागून म्हणत होती, अहो आधी विचारा तरी जेवला का.

संक्रांत. इकडे दुकानाच्या मालकिणीने, हिरामावशीनेही तोच दिवस दिलाय. दोघांनी मिळून ठरवल्यासारखं.

३० डिसेंबर, मंगळवार

हिरामावशी आज बाजारातून लवकर आली. गळ्यात सोनं, हाताला कोलंबीचा वास. दुकान तिचं, त्यामुळे पाय टाकल्या टाकल्या तोंड सुरू.

"कोन आला काय सकालचा? का माशाच मारल्या?"

आले म्हटलं. कालच्यापेक्षा जास्त.

"थंडीचे दिवस, सकालचे पारी थंड कोन पिल रं, ए रत्नागिरी? लोकांना च्या लागतं."

"मावशी, हा ज्यूस नाही. स्मूदी. नाश्ताच आहे तो, पोट भरतं."

"म्हंजे पेज."

"हां, फळांची पेज."

"पेज गरम पितात."

हिच्यापुढे कोण बोलणार. पण शब्दाची पक्की आहे. आपलं ज्यूस सेंटर सकाळी दहापर्यंत बंदच असायचं, समोर खोपटचा एसटी डेपो नि एवढी माणसं उपाशी बसमध्ये चढतायत, हे मला रोज दिसायचं. मीच मागितलं. मावशी म्हणाली, संक्रांतीपर्यंत चालवून दाखव. चाललं तर सकाळ तुझी, फायद्यात अर्धा वाटा. नाही चाललं तर गप पगारावर राहा.

पगारावर नाही राहायचं. शिपाईही नाही व्हायचं. बस, एवढं माहितीय.

१ जानेवारी, गुरुवार

पद्धत सेट झाली. आता झोपेतही करीन.

संध्याकाळी केळी सोलून तुकडे. त्यात पपई नाहीतर चिकू. एका ग्लासाला एक पिशवी, सगळ्या फ्रीजरमध्ये. सकाळी पिशवी फोडली, दूध, दोन खजूर, दोन चमचे ओट, झाकण दाबलं, घुर्रर्र. बर्फ नाही, साखर नाही. बर्फ टाकला की पाणी होतं, मग त्याला पेज म्हणायलाही लाज वाटते. गिऱ्हाईक फोन काढून पैसे टाकेपर्यंत ग्लास त्याच्या हातात.

ओटची अक्कल माझी. आधी नुसतं फळ-दूध द्यायचो. सुनंदाताई, एसटीत कंडक्टर आहेत, रोजचं पहिलं गिऱ्हाईक, त्या म्हणाल्या, "संदेश, चव मस्त रे, पण भिवंडी यायच्या आधी पोटात कावळे." मग दुकानात जाऊन डबाच आणला. डब्यावर फळं, दूध, हसणारी बाई. दुसऱ्या दिवशी ताईंनी खिडकीतून अंगठा दाखवला.

आज नवीन वर्ष म्हणून ड्रायव्हरलाही पाजली. तो म्हणाला, बरी आहे, पण चावायला काही नाही. म्हटलं, चावायला तुमचा हॉर्न आहे.

३ जानेवारी, शनिवार

आज कमी गिऱ्हाईक. शनिवार, बरेच जण उपास धरतात. दोन बायका बोर्ड वाचून पुढे गेल्या. "बाहेरचं नको गं, आज चालणार नाही."

का नाही चालणार? फळ, दूध, खजूर. यात काय आहे न चालण्यासारखं?

लिहायला पाहिजे. बोर्डवर लिहिलं नाही तर लोकांना कसं कळणार.

५ जानेवारी, सोमवार

उद्या अंगारकी. संकष्टी मंगळवारी पडली की अर्धं ठाणं उपास करतं नि टिटवाळ्याच्या गणपतीला रांग. सकाळपासून रात्री चंद्र दिसेपर्यंत उपाशी राहायचं म्हणजे पोटाला आधार लागणारच. पिशव्या दुप्पट भरल्या. फ्रीजरचं दार लागेना, गुडघ्याने लावलं.

बोर्ड खडूने रंगवला. ‘आज अंगारकी. फळं, दूध, खजूर. उपवासाला चालेल.’ अक्षर चांगलं आलंय. बाबांना फोटो पाठवायचा होता, नाही पाठवला. आधी होऊ दे.

६ जानेवारी, मंगळवार

दुपार. आत्ता कुठे टेकलो.

काय गर्दी! सातच्या आत निम्म्या पिशव्या खलास. ऑफिसवाले, टिटवाळ्याला निघालेल्या बायका, सुनंदाताई नि त्यांच्या दोन मैत्रिणी. एकाने घरी आईसाठी नेली. बोर्डने काम केलं. मी वर बघतच नव्हतो, नुसते ग्लास.

आणि मावशी! कधी दहाच्या आत न येणारी बाई सातला समोर उभी. नवी साडी, डोक्यात अबोली, हातात पूजेची पिशवी. अंगारकी ती एकही सोडत नाही, नवरा गेल्यापासून तर नाहीच. बोर्ड वाचला.

"चालतं उपासाला? मग दे तुझी पेज."

उभ्यानेच प्यायली. ग्लास पुढे केला. "आनखी दे. बरं लागतं रं."

माझ्या हिरामावशीने दुसरा ग्लास मागितला! जाताना म्हणाली, "संक्रांत कशाला, उद्याच बोलू सकालचं." मी हवेत.

मग वरच्या बिल्डिंगमधले रिटायर काका आले. दोन घोट घेतले. "छान दाट झालंय. कशाने रे?"

मी एकदम फुशारकीत, "ओट, काका. माझी आयडिया."

काकांनी ग्लास काउंटरवर ठेवला. आपटला नाही, हळूच ठेवला. "अरे, उपासाला लिहिलंयस ना? ओट म्हणजे धान्य. गव्हासारखंच."

"नाही हो काका. ते डब्यात येतं."

हे मी बोललो. हे खरंच माझ्या तोंडून आलं.

काका ओरडले नाहीत. "डब्यात काय, गोणीत काय," एवढंच म्हणाले नि पैसे परत न मागता गेले. मी बोर्ड हातानेच पुसला. सगळा खडू शर्टाला.

संध्याकाळ. बाबांचा फोन आलेला, उचलला नाही.

गव्हाची पोळी उपासाला चालत नाही हे मला कळतं. साबुदाणा चालतो, वरी चालते, राजगिरा चालतो, हे आईच्या मांडीवर बसल्यापासून माहितीय. पण ओट आमच्या घरात कधी आलंच नाही. चालतं की नाही, कोण सांगणार? विचारायला हवं होतं, तेही खरं.

काकांनी कुणाला सांगितलेलं दिसत नाही. मी गप्प बसलो तर कुणाला कळणारही नाही. मावशी उद्या सकाळीच बोलणार आहे. हो म्हणणारच आहे. आज एवढा धंदा झालाय की

झोपतो.

७ जानेवारी, बुधवार

मावशी आली, आल्या आल्या माझ्या हातावर पेढा ठेवला. टिटवाळ्याचा. "घे पोरा. तुझे नावानं पन बोलले देवाला. सकाल चालू दे म्हंटलं त्याची."

पेढा हातात तसाच. आता नाही बोललो तर कधीच नाही.

"मावशी, कालच्या पेजेत ओट होतं. ते धान्य आहे. मला माहीत नव्हतं."

तिला आधी कळलंच नाही. डबा दाखवला. तिने उघडला, चिमूट काढून दाताखाली चावली नि स्टुलावर बसली.

"दोन पिले मी."

"हो."

"दुसरा मागून घेतला."

"हो मावशी."

मला वाटलं, आता कोळीवाडा बाहेर पडेल, अख्खा डेपो ऐकेल. तिने नुसतं डब्याचं झाकण लावलं.  पदराने तोंड पुसलं. मग उठली.

"देवाचं मी बघन. तू गिऱ्हाइकांचं बघ."

म्हटलं, बघतो. कसं ते माहीत नव्हतं तरी म्हटलं.

सकाळच्या वाट्याचं काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. पेढा खाल्ला पण. टाकणार कसा?

८ जानेवारी, गुरुवार

नवा बोर्ड. ‘अंगारकीला दिलेल्या स्मूदीत ओट होतं. ते उपासाला चालत नाही. चूक माझी. तेव्हा प्यायलेल्यांना एक ग्लास फुकट. संदेश.’ फळांचे पैसे माझ्या पगारातून काप, असं मावशीला आधीच सांगितलं. ती म्हणाली, "फलं माझी, मेहनत तुझी. कापाकापी नको."

ओटचा डबा बंद. आता राजगिऱ्याच्या लाह्या. पहिली खेप फसली, सगळं दाताला चिकटत होतं. लाह्या आधी थोडा वेळ दुधात भिजवल्या की मग बरोबर. खरं सांगू, ओटपेक्षा भारी लागतं. घरच्यासारखं.

सुनंदाताईंनी बोर्ड दोनदा वाचला. "म्हणजे मी रात्री चंद्रासाठी गच्चीवर ताटकळले, बसच्या धक्क्यांनी आधीच मोडलेली कंबर घेऊन, आणि उपास तू सकाळीच सोडवलेलास?"

"ताई, चुकलो."

"फुकट आहे ना? मग चिकूची दे. नि भर नीट, वरपर्यंत."

एक जण आला, म्हणे मलाही द्या. म्हटलं, तुम्ही मंगळवारी नव्हतात. म्हणे, असतो तर प्यायलो असतो. दिला. अशा माणसाशी कोण भांडणार.

आईसाठी नेणारा माणूस पण आला. ग्लास घेतला नाही. "बोर्ड वाचून नेलेली मी. आईला अजून सांगितलेलं नाही," एवढंच म्हणाला. मी सॉरी म्हटलं ते त्याच्या पाठीला.

तो परत यायला पाहिजे.

१० जानेवारी, शनिवार

गिऱ्हाईक परत अंगारकीच्या आधी होतं तेवढं. कमी नाही झालं! शनिवारवाल्या त्या दोन बायका थांबल्या. एक म्हणाली, "याच्याकडे घेऊ गं, हा खरं लिहितो." फुल छाती.

दुपारी आईचा फोन. तिला सगळं सांगितलेलं परवा. हसली होती आधी, मग म्हणाली स्मूदी कशी करतोस ती सांग. आज बाबांचा शनिवार. मिक्सर नाही आमच्याकडे, तर तिने केळं हाताने कुस्करून, दूध घालून रवीने घुसळलं, राजगिरा, खजूर.

"बाबा काय म्हणाले?"

"काही नाही. प्याले नि ग्लास विसळून ठेवला."

बाबांनी? ग्लास विसळला? जन्मात पाहिलं नाही मी.

मागून आवाज, "दे इकडे." बाबा. "खजूर एकच घाल. फार गोड होतं."

"बरं."

"चेअरमनला मंगळवारी सांगायचंय मला. हो की नाही."

मी म्हटलं, तुम्हाला काय वाटतं? तर फोन परत आईकडे. म्हणजे नाही म्हणाले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत. पण "हजर हो" नाही म्हणाले, हे लक्षात ठेवतो.

११ जानेवारी, रविवार

एक खजूर करून बघितला. बाबा बरोबर आहेत. सांगणार नाही इतक्यात.

मावशी सातला. आज ना उपास ना काही. पूजेची पिशवी नाही, मासळीची टोपली. काउंटरच्या आत आली, माझ्या बाजूला, एकेका डब्याचं झाकण उघडून वास घेतला. लाह्या चावून बघितल्या. दूध बघितलं. लाह्यांचं पाकीट उलटं करून झटकलं. मासे निवडतानाही एवढं बघत नसेल.

"यात कनचा धान्य नाय?"

"नाही. आईला विचारून घेतलं. वरच्या काकांनाही."

"दे."

प्यायली. पूर्ण. मग बोर्डकडे हनुवटी केली, तिथे माझा माफीनामाच होता अजून. "किती दिवस रडनार? पुस ते. लिव, उपवासाला चालेल."

"खरंच लिहू?"

"मी पिले ना आता? लिव."

लिहिलं. आज अक्षर वाकडं आलं. सकाळच्या वाट्याचं विचारलं तर, "संक्रांतीला बोलू," नि टोपली उचलून निघाली. दुसरा ग्लास मात्र मागितला नाही.

तीन दिवस राहिले. मी इथेच असेन असं वाटतंय. वाटतंय काय, पिशव्या उद्यासाठी भरून झाल्यात. माझ्या नव्या बुटांसाठी काढून ठेवलेले अठराशे, दर महिन्याला घरी पाठवतो त्या पाच हजारांत टाकतोय, आईने मिक्सर घ्यावा. चेअरमनला काय सांगायचं ते बाबांनी पिऊन ठरवावं.

आईच्या खात्यावर, आज: ६,८०० रुपये.